मुंग्या

एकतीस मार्चला, रात्री बाराला
खैरनार शेठनं स्वतः मॉड्युलेटर बंद केले,
डावीकडून एकेक,
गल्ल्याचे खण लावावेत तसे.
शेवटच्यापाशी हात थांबला.
"हा आपला. हा सकाळी बघू."
मी दारात, खांद्यावर केबलचं वेटोळं.
जेलरोडपासून दसकपर्यंत
ज्या ज्या घरात खोका नव्हता
तिथं मुंग्या आल्या.

सतरा वर्षं मी या गच्च्यांवरून चालतोय.
माणसांची घरं मला वरून ठाऊक :
कोणाचे पापड, कोणाचे मनुके,
कोणाच्या टाकीला झाकण नाही.
देवळालीच्या रेंजवर तोफा सुटल्या की चित्र हलतं,
असं लोक सांगायचे.
मी मान डोलवायचो आणि कनेक्टर आवळायचो.
कोर्टात गेलेले दोन सख्खे भाऊ एकाच स्प्लिटरवर होते.
एकाचं चित्र गेलं की दुसऱ्याचं जायचं,
तेवढंच नातं उरलं होतं.

आता सगळे सुटे.
घराला खोका, खोक्याला कार्ड, कार्डाला नंबर,
नंबरासाठी फॉर्म आणि फॉर्मवर फोटो.
चिपडे काकू म्हणाल्या, "टीव्ही बघायला फोटो माझा कशाला?
आता तो बघणार का मला?"
मी हसलो.
जिना उतरताना उत्तर शोधत होतो.

चंद्रात्रे मात्र फोटो काढूनच बसले होते.
नोट प्रेसमध्ये तेहतीस वर्षं
कोऱ्या नोटांतली चूक शोधायचं काम.
शाई पुसट, कड तिरकी, आकडा घसरलेला :
बाजूला.
मुलानं पुण्याहून बेचाळीस इंची एचडी पाठवलेला.
मी खोका जोडला, वायर लपवली, क्रिकेट लावलं.
गवताचं पातं न् पातं.
बोलरच्या हनुवटीवर घाम, सुटायच्या बेतात.
चंद्रात्रे चष्मा कपाळावर चढवून
पडद्यापासून वीतभरावर गेले,
चारी कोपरे तपासले.
म्हणाले, "पास."

मग खुर्चीत बसून पोटऱ्या चोळत राहिले.
"उभं राहिलं की मुंग्या येतात हल्ली.
आणि आपलं लोकल? ते कितव्या नंबरला?"

आपलं लोकल म्हणजे
शेठच्या खोलीतला एक डीव्हीडी प्लेयर.
वाढदिवसाच्या पट्ट्या, क्लासच्या जाहिराती, दुपारी सिनेमा,
आणि दर नवरात्रात
कॉलनीच्या भोंडल्याचं तेच ते जुनं शूटिंग.
कॅमेरा वाकडा, कोपऱ्यात तारखेचे पिवळे आकडे.
पाटावरच्या हत्तीभोवती फेर,
फेरात सुलभाताई चंद्रात्रे :
चारदा समोर येतात, चारदा पाठमोऱ्या.
पुढच्या भोंडल्याला त्या नव्हत्या.

मी रिमोट दाबत गेलो.
शंभर. तीनशे बारा. सातशे.
नऊशे नव्याण्णवला निळी पाटी :
ही सेवा उपलब्ध नाही.
त्यांनी ती पाटीसुद्धा वाचली, अक्षर अन् अक्षर.

दुसऱ्या दिवशी शेठला न विचारता
प्लेयर पिशवीत घातला, डिस्क शर्टाच्या खिशात.
बेचाळीस इंचांवर भोंडला उघडला
आणि सगळ्या बायकांचे चौकोन झाले.
हत्ती फाटला. साड्यांचे रंग साड्यांबाहेर गेले.
सुलभाताई आल्या तेव्हा
चेहऱ्याच्या जागी सात-आठ उजळ ठोकळे,
नाक-डोळे आपणच भरायचे.
मी म्हणालो, "काका, जुन्या टीव्हीवर बरं दिसायचं."
ते उठले. वीतभरावर गेले.
चारी कोपरे.
मी वाट बघत होतो : बाजूला म्हणतील.

"गेटवर झडती व्हायची," ते पडद्याकडे बघतच बोलले,
"रोज. तेहतीस वर्षं.
चुकलेली नोट कधी घरी आणता आली नाही."
मग म्हणाले, "राहू दे चालू."

प्लेयर तिथंच ठेवून आलो.
शेठनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
तो शेवटचा मॉड्युलेटर अजून चालू आहे.
त्याला काही जोडलेलं नाही, तो कोणाच्या घरी पोचत नाही.
गरम असतो म्हणून
गल्लीतलं मांजर त्यावर झोपतं.