स्वेटर धुतला तो दिवस

काळ्या कचऱ्याच्या पिशवीत आलं त्याचं सामान.
दोन विजारी, एकच बूट (दुसरा गाडीत राहिला, नंतर आला)
आणि हिरवा स्वेटर, कोपरांवर विरलेला,
सिगारेटचा, मांजराचा, तळलेल्या माशाचा वास असलेला.
मी तो धुतला.
चांगल्या साबणाने, मायेने, मूर्खासारखा.

संध्याकाळी एस्किलने त्यात नाक खुपसलं
आणि जो आवाज काढला,
तो बत्तीस वर्षं बर्फ लोटायचा ट्रक चालवूनही
मी कुठल्या वाऱ्यात ऐकला नव्हता.
सहा वर्षांचं पोर.
त्याची आई त्या लोकरीत तेवढी उरली होती.
मी तिला पिळून वाळत घातलं होतं.

हामरफेस्टला नोव्हेंबरात सूर्य जातो
तो जानेवारीतच उगवतो.
त्या काळोखात उशीखाली सापडले
पावाचे तुकडे, चीजची साल, एक उकडलेला बटाटा.
बालकल्याणच्या इंगव्हिल्डबाईंनी आधीच बजावलं होतं,
रागावू नका, मोजू नका, फेकू तर मुळीच नका.
मी पत्र्याचा डबा आणला, नाव घातलं,
त्याचा हात पोचेल अशा फळीवर ठेवला.
हा तुझा. रात्रीसुद्धा उघड. विचारायचं नाही.

तो रात्री तीनदा उठायचा.
खायचा नाही. झाकण काढून बघायचा, परत लावायचा.
टक्. टक्.
मी अंथरुणात पडून ऐकायची.

दर तिसऱ्या गुरुवारी आईची भेट,
निळ्या भिंतींच्या खोलीत, एक तास.
ती कधी येते, कधी नाही.
आली, तर परतताना माझ्या सीटला मागून लाथा.
नाही आली, तर गप्प, आणि रात्री चादर ओली.
शेजारची ओड्लॉग म्हणाली, बंदच करा त्या भेटी,
पोराला त्रास होतो.
दात येतानाही होतो, मी म्हटलं.
बोलले खरं. पण चादर बदलताना
मलाही येतो त्या बाईचा राग.
तो मी तळघरात, धुण्याच्या यंत्रापाशी ठेवते.
वर आणत नाही.

"मी इथे किती दिवस?"
कायमचा, म्हणून जवळ घेता आलं असतं.
पण तो शब्द त्याला आधीच दोन घरांनी दिलेला.
मी म्हणते, उद्या आहेस. उद्या लापशी आहे.
परवाचं इंगव्हिल्डबाईंना विचारू,
तुझ्यासमोर.

एकवीस जानेवारीला सूर्य येणार, असं मीच सांगितलं.
टेकडीवर अख्खी शाळा, थर्मास, गोड पाव.
ढग. नुसते ढग.
"खोटारडा!"
सूर्याला म्हणाला की मला, कळलं नाही.
आहे तो ढगाआड, हे ओठांवर आलेलं गिळलं.
आड असलेली माणसं त्याने पुष्कळ पाहिलीत.
"हो, नाही दिसला. मलाही वाईट वाटलं. उद्या परत येऊ."
दुसऱ्या दिवशी ढगच. तिसऱ्या दिवशी वादळ, रस्ता बंद.
चौथ्या दिवशी त्यानेच माझे बूट दारात आणून मांडले,
डावा उजवीकडे.
मी तसेच घातले.

स्वेटर आता धुत नाही.
गेल्या गुरुवारी तो घालूनच आईच्या कुशीत बसला होता,
अख्खा तास.
गाडीत लाथा आल्याच, दोन-तीन.
मग घरी, दारातच, त्याने बाही माझ्या नाकाशी धरली.
सिगारेट. मांजर.
"आला परत," म्हणाला,
आणि डब्याकडे न बघता
लापशी मागितली.