परतीची गाडी

सव्वानऊ. उणे एकतीस.
कॅनोराहून घरापर्यंत एकशे दहा किलोमीटर
आणि रस्त्यावर आम्ही दोघंच:
मी, आणि मागच्या सीटवर टेसा,
मोजे ओले, डोकं काचेला टेकलेलं.
सात-एक हरलो.
म्हणजे ती हरली. बघा, जीभ कशी घसरते.

बॅगेतून तो वास येतोय,
ओल्या चामड्याचा, आंबलेल्या घामाचा.
एवढ्या वर्षांत सगळं बदललं, स्केट बदलले,
शिरस्त्राणं बदलली, हा वास तसाच.
त्याच्या मागोमाग माझे वडील येतात
आणि मला न विचारता स्टिअरिंगवर हात ठेवतात.

तातो गाडीत बोलायचे नाहीत.
जिंकलो तरी नाही, हरलो तरी नाही.
रेडिओवर गव्हाचे भाव, डुकरांचे भाव,
हीटरची घरघर.
दिव्यांच्या झोतात उडणारा बर्फ बघत
मी त्यांच्या वतीने स्वतःला बोल लावायचो:
पास का नाही दिलास, मागे का राहिलास.
त्या कामात मी फार तरबेज झालो.
बायकोला विचारा.

एकदाच बोलले.
मी पंधरा वर्षांचा, सामना संपायला चार मिनिटं.
कोच म्हणाला होता, त्या सात नंबरला जरा हलव.
सात नंबर म्हणजे फ्रीसनांचा डेल.
तोंड फळीकडे, पाठ माझ्याकडे.
रेफरी नंतर म्हणाला, पोराला दिसलं नसेल.
दिसलं होतं.
सातचा आकडा, त्याच्या एका टोकाची उसवलेली शिवण,
सगळं दिसलं होतं.
सरपण मोडावं तसा आवाज झाला,
आणि मग टाळ्या,
हातमोज्यांतल्या, बद्द.

त्या रात्री रूळ ओलांडल्यावर
तातो म्हणाले, "चांगला बसला."
दोन शब्द.
मी ते घरी नेले, उशीखाली ठेवले.
आजही हात घातला तर सापडतात
आणि अजून ऊबदार लागतात.
तीच तर गोम आहे.

डेलचं आता टायरचं दुकान आहे.
माझ्या ट्रॅक्टरची चाकं तोच बदलतो.
जड काही असलं की उजवा हात पुढे करतो,
डावा खांदा दोन बोटं खाली.
पैसे देताना आम्ही हवेबद्दल बोलतो.
सत्तावीस वर्षं हवेबद्दल.
एवढी हवा कुठल्याच गावात नसते.

आज दुसऱ्या डावात
एका दांडग्या पोरीने टेसाला जाळ्यासकट आडवं केलं
आणि मी काचेवर मूठ आपटली:
"सोडू नकोस तिला! पाड!"
पुढच्या ओळीतली माणसं वळून बघायला लागली.
मला म्हणायचं होतं, हे माझे वडील बोलले.
पण ते कधी ओरडले नव्हते.
हा आवाज माझाच, घरचा, हाताने वाढवलेला.

टेसा उठली.
त्या पोरीची पडलेली स्टिक उचलून
तिच्या हातात दिली,
पुन्हा गुडघे वाकवून उभी राहिली
आणि आणखी तीन गोल खाल्ले.

रुळांपाशी फाटक पडलंय.
मालगाडी. धान्याचे डबे, एकामागून एक,
साठापर्यंत मोजले, मग सोडून दिलं.
"डॅड," मागून आवाज येतो.
मला वाटलं होतं झोपली.
"मघाशी तू ओरडत होतास ना?"
"हो."
"कुणावर?"

डबे जातच आहेत.
मी रेडिओ बंद करतो.
"तुला तो डेल माहितीये ना," मी म्हणतो.
"टायरवाला?"
"टायरवाला."
शेवटचा डबा जातो, फाटक वर होतं,
मागे कुणाची गाडी नाही,
आणि मी अजून गिअर टाकलेला नाही.