लांडगा

कार्तिकात कातरण. माझं काम ठरलेलं.
बनसिद्धमामा मेंढी आडवी पाडतो, चारी पाय एका दाव्यात,
कातर चालते कच् कच्,
आणि अंगरखा उतरावा तशी लोकर
एका तुकड्यात माझ्या पुढ्यात येते.
आतून कोमट. बाहेरून सगळा जिल्हा.

जिल्हाच, दुसरं काय.
कुसळ नान्नजच्या माळाचं,
सराटा मार्डीच्या गाडीवाटेचा,
आघाडा कुण्या बांधावरचा, चुकून आलेला.
आणि लांडगे.

लांडगा म्हणजे बोंड. बोराएवढं, अंगभर आकडे.
आटल्या तळ्याच्या गाळात वाढतं.
कोवळं रोप कोकरानं खाल्लं तर कोकरू आडवं होतं,
म्हणून मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत,
नुसती घासून जातात.
त्याला तेवढं पुरतं.
पाय नाहीत, पंख नाहीत,
वाऱ्याशी कधी जमलं नाही,
गोड होऊन पाखराला बोलवावं, तेही नाही.
वाटेच्या कडेला हात पुढे करून उभं.

नाव कुणी ठेवलं, ठाऊक नाही.
पण ज्यानं ठेवलं
त्यानं मेंढरं राखली असणार.

बोटांना गोडं तेल लावून एकेक ओढते.
लोकर तुटते, आकडा तुटत नाही.
चुलीत टाक, मामा म्हणतो.
एक मी विळीवर फोडला.
आत दोन खोल्या, दोन बिया,
मधे भिंत, दार कुठंच नाही.
"एक औंदा उगवतंय," मामा म्हणाला, "दुसरं थांबतंय."
कशाला?
"औंदा पाणी आलंच न्हाई तर?"
बोलता बोलता त्यानं दावं सोडलं.
मेंढी उठली, उघडी, लाजल्यागत,
आणि तिचंच कोकरू तिला ओळखेना.

लोकरीला गिऱ्हाईक नाही आता.
सांगोल्याचा सणगर यायचा, सायकलला तागडी बांधून.
चार वर्षं झाली, आला नाही.
उकिरड्यावरच जायची ही लोकर,
तरी मी वेचते.
का, ते मला विचारू नका.

काळ्या कानाची त्या दिवशी दाव्यातून निसटली होती.
राहू दे, मामा म्हणाला, नंतर बघू.
मार्गशीर्षात एका रात्री कुत्री भुंकली
आणि एकदम गप्प झाली.
सकाळी मोजताना एक कमी.
ओढ्यापलीकडं मुरमाड टेकाडावर
लोकर पडलेली, सगळी, न कातरलेली,
न वेचलेली.
फॉरेस्टचा गार्ड आला, मोबाइलवर फोटो काढले,
अर्ज करा म्हणाला, दोन प्रतींत.
मामानं अर्ज केला नाही.
मेंढीला कातरायचं राहिलं,
एवढंच दोन-तीनदा बोलला.

या भाद्रपदात सरपणाला त्या अंगानं गेले.
तिथं गाळ नाही, तळं नाही,
लांडगा कधी उगवलाच नव्हता त्या टेकाडावर.
आता गुडघाभर.
एक मेंढी निजेल एवढ्या जागेत.
तिच्या आकाराचं होतं असं म्हणणार नाही मी,
हसाल.
पण पाऊल आत टाकलं नाही.

लांडग्यानं तिला नेली
आणि ती लांडगा घेऊन गेली.

बोंडं अजून हिरवी, आकडे मऊ,
बोटाला धरत होते, सोडत होते,
शिकत होते.
मी रोपं मोजली. एकवीस.
म्हणजे खाली मुरमात, त्याच घरांत,
भिंतीपलीकडं,
आणखी एकवीस, बसलेली,
वरच्यांचं काय होतं ते बघत.

संध्याकाळी मामा वाघरीपाशी मेंढरं मोजत होता.
मधेच चुकला. माझ्याकडं वळून म्हणाला,
"किती झाली गं?"
वरची सांगू, मी म्हटलं,
का खालची?