वाढत्या अंगाची

पिंपळगावच्या पॅकहाउसात मी द्राक्षं मोजतो.
प्लास्टिकची एक पट्टी, तिला भोकं : चौदा, सोळा, अठरा, वीस.
मणी अठरातून पडला तर देशी बाजार,
अडला तर जहाज.
मग एक मणी चिरडून काचेवर थेंब,
उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा :
साखर सोळा. थांबा.
साखर अठरा. तोडा.
बागायतदार माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात
आणि मी कधी चाचरत नाही.

जुईला सहा पूर्ण व्हायला दोन महिने आहेत.
पाच किलोच्या रिकाम्या खोक्यावर
तिनं माझ्याच पिशवीतली रबरं ताणून बसवलीत
आणि रोज सातला, कुकरच्या दुसऱ्या शिट्टीनंतर,
ती जे वाजवते त्याला ती गिटार म्हणते.
खालचे कुलथे काका वेगळं काहीतरी म्हणतात.

मेन रोडच्या दुकानदारानं एक गुलाबी गिटार पुढे सरकवली.
"साडेपाच? मग मोठीच न्या साहेब,
वाढत्या अंगाची."
जणू शाळेचा फ्रॉक, खालून दुमडून शिवता येईल.
मेहुणी म्हणाली, चौथ्या वर्षीच घालायला हवं होतं.
आई फोनवर म्हणाली, बोटं कोवळी आहेत रे, घट्टे पडतील.
शलाका काहीच म्हणाली नाही.
तिला पाचव्या वर्षी पेटीला बसवलं होतं.
ती पेटी अजून आहे, माळ्यावर.
तिच्यावर सूटकेस आहे.

आंबा कच्चा उतरवला तरी आढीत पिकतो.
द्राक्षाचं तसं नाही.
ज्या घडीला तोडलं तेवढीच गोडी,
पुढे खोक्यात, बोटीत, परमुलखाच्या थंडीत
कणभरही वाढत नाही.
हे मी शंभर जणांना सांगितलंय.
त्या रात्री कुणीतरी मलाच सांगत होतं.

शरणपूर रोडला, बॅटऱ्यांच्या दुकानावर,
एस्तेर भालेराव बाईंचा क्लास.
मी जन्माचा दाखला नेला होता. त्यांनी उघडलाही नाही.
"बुटाची नाडी स्वतः बांधतेस?"
"एक मी बांधते," जुई म्हणाली, "एक बाबा."
मग त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली.
"आवाज संपला की हात वर कर."

खाली रिक्षा गेली. कुणीतरी बॅटरी आदळली.
माझ्यापुरता आवाज केव्हाच संपला होता.
मी तिला डोळ्यांनी खुणावलं, कर ना.
बाईंनी मला डोळ्यांनीच बसवलं.
जुईचं तोंड उघडं, औषध घेताना असतं तसं,
हात मांडीखाली दाबलेला.

किती वेळ गेला कोण जाणे. पट्टी नव्हती जवळ.

हात वर आला.
"कान आलाय," बाई म्हणाल्या. "बोटं यायचीत.
दिवाळीनंतर आणा.
तोवर त्या खोक्याची रबरं बदला, सैल पडली असतील."
खोक्याचं त्यांना कधी सांगितलं तिनं, मला कळलंच नाही.

होळकर पुलावर गाड्या अडल्या होत्या.
मागून माझा शर्ट ओढला गेला.
"बाबा, ते परत आलं."
"काय?"
"मघाचं."
मी स्कूटर बंद केली. मागचे हॉर्न वाजवू लागले.
मला फक्त हॉर्नच ऐकू आले.

रात्री तिनं माझी पट्टी घेतली.
करंगळी, मधलं बोट, सगळी चौदातून आरपार.
"देशी बाजार," मी म्हटलं. ती हसली नाही.
अंगठा घातला. पेरावर अडला.
गोडंतेल लावून, फिरवून फिरवून काढला,
ती रडली नाही, नुसती बघत राहिली अंगठ्याकडे,
आणि शलाका हसून हसून ओट्याला टेकली.

पट्टीला आता तेलाचा वास येतो.
सकाळी मणी भोकात धड ठरत नाही,
मी सदऱ्याला पुसतो, पुन्हा लावतो.
"काय साहेब, तोडायचं ना?"
माणसं कात्र्या घेऊन उभी.
मी एक डोळा मिटून उजेडाकडे बघत राहतो
आणि जरा वेळ बोलत नाही.