सर्व्हे नंबर ११४

खुरपं, घमेलं, पिशव्या, नावं लिहायला कापडी चिठ्ठ्या.
नऊ इंच खोल खड्डा, चार कोपरे, एक मध्य,
माती कालवायची, अर्धा किलो घ्यायची,
उरलेली जिथली तिथं.
सोयाबीन निघालं की रामबागेतून स्कूटर काढतो
आणि देपालपूरच्या अलीकडे, गंभीरच्या काठची
गावं उकरत हिंडतो.

एकशे चौदामध्ये खुरपं तांबडं होऊन वर आलं.
चहूकडे काजळकाळी जमीन,
आणि खाटेएवढ्या जागेत हा विटका लाल.

भेरूलाल म्हणाला, साब, यां कई नी पाके.
तणसुद्धा बिचकत उगवतं.
छीपांच्या भट्ट्या होत्या.
आलीची मुळं कुटायची, उकळायची,
लुगडी निघायची मिरचीच्या रंगाची;
चोथा इथं.
आल म्हणजे कसलं झाड, मी विचारलं.
दाखवतो म्हणून तो बांधाकडे गेला,
आणि बोट उचलून
तसाच उभा राहिला.

मग मला सोडेचना.
गेंदालाल राठौरची घाणी होती तिथं
बैल पन्नास वर्षं गोल चालला.
घाणी सरपणात गेली, बैल कधीच गेला,
पाणी मात्र अजून गोलच साचतं,
मधोमध कोरडं, कडेनं कडं.
त्यात गेंदालालची नातवंडं होड्या सोडतात
आणि होड्या सुटत नाहीत.
कुंभाराचं विचारू नका, म्हणाला,
त्याच्या राखेवर मोबाईलचा टॉवर आहे.

नियमपुस्तकात स्पष्ट आहे :
वेगळी दिसणारी जागा नमुन्यातून वगळावी.
वगळली.
कार्ड आलं : नत्र कमी, पालाश भरपूर, लोह पुरेसं.
भेरूलालनं ते युरियाच्या पावतीला टाचून ठेवलं.

त्या दिवशी हात धुवायला हबीबनच्या दुकानात थांबलो.
एक रुपयाच्या शाम्पूच्या पुड्या, बिस्किटं, तंबाखू.
माझ्या खिशातून ओली चिठ्ठी पडली,
एक कोपरा गुलाबी झालेला.
तिनं उचलली, उजेडात धरली,
अंगठ्यानं घासली, जरा हुंगलीसुद्धा.
आयुष्यात एक चिंधी रंगवली नसेल तिनं,
सासऱ्यानंच कढया मोडीत विकल्या होत्या.

तुरटी लावलेली नाही, म्हणाली,
धरणार नाही हा.
एका धुण्यात जाईल.