प्रश्न सहावा

पैठणच्या आमच्या शाळेत
इंग्रजीचा निबंध पंधरा मार्कांचा, शब्द दीडशे.
जास्त झाले तर हुसेनी सर
उरलेल्यांवर आडवी रेघ मारायचे,
कमी भरले तर समासात नुसता आकडा.

सर निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले.
स्कूलला इस्कूल म्हणायचे, स्टेशनला इस्टेशन,
पण आमचं स्पेलिंग चुकलं तर
पन्नासदा लिहून आणायला लावायचे
आणि खरंच मोजायचे.

आम्ही निबंध लिहीत नव्हतो, पाठ करत होतो.
गाइडमधली छत्री, गाइडमधली गाय,
गाइडमधला मुलगा, ज्याचे वडील बँकेत
आणि सुट्टीत तो मामाकडं महाबळेश्वरला.
रजेच्या अर्जात पंचेचाळीस जण
एकाच तापानं आजारी:
ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर.
सखाहरीला एकदा खरोखर हिवताप आला,
त्यानं भावाच्या हाती अर्ज धाडला.
सरांनी तो तपासून पाचापैकी चार दिले.

त्या साली सहामाहीला आलं:
अ व्हिजिट टु द सी-शोअर.
समुद्र कुणाच्या बापानं बघितला नव्हता.
पण गाइडात होता, पान एकशे बारा.
पिवळी वाळू, गार वारा, मुलं किल्ले बांधतात,
शेवटी वुई रिटर्न्ड होम टायर्ड बट हॅपी.
मीही तसाच परतलो.
अकरा मार्क.

माझ्या पुढच्या बाकावर मन्मथ.
पुनर्वसनाच्या वसाहतीतून यायचा,
तिथं घरांना नंबर होते, झाडं नव्हती.
त्याच्याकडं गाइड नव्हतं.
त्यानं काय लिहिलं ते मी वाचलं,
कारण मॉनिटर होतो, पेपरांचा गठ्ठा
सरांच्या घरी मीच पोचवायचो.
पाणचक्कीशेजारी बसून गठ्ठ्याची सुतळी सोडली.

लोक समुद्राकडं जातात, असं काहीसं होतं त्यात,
आमच्याकडं समुद्रच आला.
फर्स्ट इन द फील्ड, देन इन द स्कूल.
माय व्हिलेज इज अंडर द वॉटर.
अवर नीम ट्री इज अंडर द वॉटर.
माय सिस्टर इज इन द ग्राउंड,
द ग्राउंड इज अंडर द वॉटर.
देअर इज नो सँड.
आणि खाली, पेन्सिलीनं, बोटावर मोजलेला हिशोब:
शब्द एक्कावन्न.

आठवड्यानं सर वर्गात पेपर घेऊन आले.
लाल शाईनं त्यांनी प्रत्येक इज खोडून
वर वॉज लिहिलं होतं.
एक सोडून.
कोणतं ते मी सांगणार नाही,
मन्मथनं सांगितलं असतं तर वेगळं.

उठ रे, सर म्हणाले. गाव बुडालं ना?
बुडालं, सर.
मग इज कामून?
मन्मथ बाकाची कड नखानं खरवडत राहिला.
मग म्हणाला,
उन्हाळ्यात पाणी उतरतं, सर.
देवळाचा कळस दिसतो. पार दिसतो.
वडील जाऊन येतात.
तेव्हा इज असतं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.
सरांनी डस्टर उचललं, खाली ठेवलं,
चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला,
म्हणाले, हे गाइडात नाही.
आणि पुढचा रोल नंबर पुकारला.

मन्मथला पंधरापैकी सहा मिळाले.
दहावीनंतर तो कुठं गेला माहीत नाही,
वाळूजला कंपनीत लागला म्हणतात,
कुणी म्हणतं मुखेडला सोयरीक झाली, तिकडंच राहिला.

मी पुढं इंग्रजीच शिकवलं. तीस वर्षं.
बोर्डाचे गठ्ठे तपासले, छत्र्या, गायी,
हजारो थकलेली, आनंदी मुलं घरी परतताना पाहिली.

आता मे लागला की पेपरात
आतल्या पानावर चौकट येते,
नाथसागरात पाणीसाठा किती.
वाचताना लाल पेन शोधतो अजून,
सवय.
अठरा टक्के.
इज.