कातरण

सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची.
दुसरी धरायची, नऊच्या आत.
वेन्ला नावाच्या पोरसवदा नर्सनं हे तीनदा सांगितलं,
ओइवाकडे नाही, माझ्याकडे बघून,
जणू धरायची माझीच.

तेव्हापासून आमच्या फ्रिजमध्ये
क्लाउडबेरीच्या मुरंब्याला खेटून
पिवळ्या टोपणाची बाटली असते.
राउमात नोव्हेंबरची सकाळ साडेआठपर्यंत काळीच.
मी दिवा लावते, दार ठोठावते,
आतून ओइवा म्हणतो,
"थांब, जहाज अजून धक्क्याला लागायचंय."

चाळीस वर्षं त्यानं जहाजं जोडली
वेल्डिंगच्या निळ्या ज्योतीनं.
प्रोस्टेटमधलं दुखणं मणक्यात, बरगड्यांत,
डाव्या खुब्यात बिऱ्हाड करून बसलं
तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं:
हाड म्हणजे दगड नव्हे.
ते रोज विरतं, रोज भरतं.
आता विरणं वरचढ झालंय.
विरताना सुटलेले बारीक तुकडे
रक्तात उतरतात, मग लघवीत.
ते मोजायचे.

ओइवाला नीट कळलं नाही. मला कळलं.
मी लेस विणते. उशीवर टाचण्या,
लाकडी फिरक्यांची टकटक.
ओळ चुकली की उसवते, कापते,
कातरण फरशीवर.
आमची लेक लहान असताना
लेसकडे ढुंकूनही न बघता
केर बघून सांगायची,
"आई, आज फार उसवलंस."

मग महिन्यातून एकदा सलाईन.
पहिल्या रात्री ताप, दातावर दात.
पुढे आकडे.
एकशे चौदा. सत्तावन्न. एकतीस. अठ्ठावीस.
नमुन्यांच्या वहीत, तारेच्या नक्षीखाली
मी ते लिहीत गेले.
खुबा मात्र ठणकतच राहिला.
"हा आकडा वेदनेचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"विरण्याच्या वेगाचा."
घरी येताना ओइवा म्हणाला,
"म्हणजे गंज मोजतायत. जहाज बुडतंय का, ते नाही."

मार्चमध्ये त्याचा हात थरथरला.
बाटली न्हाणीघराच्या फरशीवर.
तो टबच्या कडेवर बसून राहिला,
"आता काही यायचं नाही."
बस आठ चाळीसची.
मी बाटली धुतली. आतून कडी लावली.

मनाशी म्हटलं, मी धडधाकट.
चांगला आकडा येईल.
एक महिना चांगला आला
तर कुणाचं काय जातं.

एकाहत्तर.

औषध बदलायचं म्हणाले. पुन्हा स्कॅन.
लेक ओस्लोहून रोज फोन करू लागली.
ओइवा खिडकीशी,
बर्फाखालच्या समुद्राकडे तोंड करून,
जेवायला हाक मारली तरी तिथंच.
चार रात्री मी हे गिळलं.
पाचव्या दिवशी वेन्लाला फोन लावला.
"ती लघवी माझी होती."

पलीकडे इतकी शांतता
की तिच्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं.
मग ती म्हणाली,
"मग या ना तुम्ही.
तुमचीच हाडं बघायला हवीत."

ओइवाला सांगितलं. वाटलं, भडकेल.
तो हसला. बरगडी दाबून धरून हसला,
डोळ्यांत पाणी येईतो.
"शोधत होते माझा गंज,
सापडला तुझा!"

आता फ्रिजमध्ये कधी कधी दोन बाटल्या.
त्याच्यावर त्याचं नाव, माझ्यावर माझं, ठसठशीत.
मुरंबा वरच्या फळीवर गेला.
मला आठवड्याची गोळी आहे,
ती घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
त्याचे एकोणतीस. पुन्हा एकोणतीस.
गेल्या महिन्यात चव्वेचाळीस.
त्याच्याच हातानं भरलेली बाटली होती, मी दाराशी उभी होते.
चव्वेचाळीस अजून वहीत लिहिलेले नाहीत.

काल संध्याकाळी
वाकता येत नाही तरी त्यानं झाडू मागितला.
खुर्चीतल्या खुर्चीत
माझ्या पायांजवळची कातरण ओढून घेतली,
मूठभर झाली.
मोजली नाही.
शेगडीचं दार उघडलं
आणि टाकली.